धाकट्याच्या वतीने

समुपदेशिका आपल्या जागेवरून उठली, चष्मेवाल्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाली,

“जाऊ दे दादा. झालं गेलं. मी ते कधीच विसरलो.”

चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा काढला, खिशातले मऊ फडके शोधले, ते सापडल्यावरही पुसायचे विसरला आणि मग एखादा बांध आतून भिजत भिजत अखेर कोसळावा तसा तो रडू लागला. पन्नाशी उलटलेला, दिवसभर लोकांच्या नाकाकानांची मापे घेणारा, गिऱ्हाइकाशी गोड आणि घरात करडा असा हा गृहस्थ लहान मुलासारखा हुंदके देत होता. समुपदेशिकेने पाण्याचा पेला पुढे सरकवला. तिच्याही डोळ्यांच्या कडा ओलावल्या होत्या, आणि अंतःकरणात कुठेतरी एक सूक्ष्म समाधान पसरत होते, ज्याला तिने त्या क्षणी नाव दिले नाही.

वास्तविक त्या खुर्चीत बसण्याचा तिला अधिकार नव्हता. मनाचे उपचार करणाऱ्यांत अनेक पंथ आहेत. कोणी केवळ ऐकतात, कोणी घरी करायला अभ्यास देतात, तर कोणी, तिच्यासारखे, एक रिकामी खुर्ची मांडून तिथे रुग्णाच्या मनातल्या माणसाला बसवतात. रुग्णाने त्या खुर्चीशी बोलावे, वाटल्यास स्वतः उठून तिच्यात बसावे आणि त्या माणसाच्या तोंडून आपल्यालाच उत्तर द्यावे, अशी ती रीत. खुर्चीत जे काही बोलले जाईल ते रुग्णाच्याच पोटातले असावे, हा त्या रीतीचा प्राण. उपचार करणाराने बाजूला राहावे. परंतु त्या बुधवारी चष्मेवाला “बारक्या, माझं चुकलं रे, माझं चुकलं,” असे इतक्या वेळा म्हणाला, आणि रिकाम्या खुर्चीकडे इतक्या दीनवाणेपणाने पाहत राहिला, की तिला ते पाहवले नाही.

बारक्या म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. वडिलांचे चष्म्याचे दुकान दोघे मिळून चालवीत. थोरला डोळे तपासून नंबर सांगे, धाकटा आतल्या खोलीत बसून भिंगे घासून फ्रेममध्ये बसवी. एके दिवशी एक वृद्ध गिऱ्हाईक नवा चष्मा लावून जिन्यावरून पडले आणि त्यांचा मुलगा दुकानात येऊन गरजला. भरल्या दुकानात थोरल्याने आतल्या खोलीकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “याला एक भिंग धड बसवता येत नाही!” धाकटा बाहेर आला. त्याने तो चष्मा यंत्राखाली धरून तपासला. भिंगे सांगितली होती तशीच होती. चूक तपासणीची होती. डावे-उजवे थोरल्यानेच उलटे सांगितले होते. धाकट्याने चष्मा भावापुढे काचेवर ठेवला, आपली हत्यारे पिशवीत भरली आणि काही न बोलता रस्त्यापलीकडच्या मोठ्या दुकानात नोकरी धरली. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. दोघांच्या बायका मात्र बाजारात एकत्र जात आणि येताना आपापल्या नवऱ्यांच्या मूर्खपणाची देवाणघेवाण करीत.

“फार हलकं वाटतंय,” चष्मेवाला डोळे पुसत म्हणाला. “अगदी तोच बोलल्यासारखं वाटलं हो.”

समुपदेशिका उठून आपल्या खुर्चीत परत बसली. धाकट्याच्या खुर्चीची उशी तिच्या वजनाने दबली होती. ती हळूहळू फुगून पूर्ववत झाली.

*

पुढच्या बुधवारी तो आला तेव्हा त्याने दाढी घोटून केली होती आणि नवीन शर्ट घातला होता. आल्या आल्या त्याने समुपदेशिकेच्या चेहऱ्याकडे व्यावसायिक नजरेने पाहिले.

“मॅडम, तुमचा चष्मा नाकावरून घसरतोय. द्या इकडे. कानामागची दांडी जरा वाकवली की झालं.”

“राहू दे, नंतर.”

“नंतर कशाला? डोकं दुखेल, आणि लोक म्हणतील, डोकी दुरुस्त करणारीचंच डोकं दुखतंय.” तो स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसला. “बघा, हसतोय की नाही? बायको म्हणते, हा माणूस घरात हसला, आता दृष्ट काढायला हवी. झोप तर अशी लागते की विचारू नका. सकाळी तिने हलवून उठवलं.”

“छान झालं.”

“छान म्हणजे? डोंगर उतरला. आता वाटतं, इथं येणंही थांबवावं. रोगच गेला तर औषध कशाला?” मग खुर्चीत मागे रेलून, हवापाण्याविषयी बोलावे अशा सुरात, तो पुढे म्हणाला, “बारक्याची हृदयाची झडप बदलायची ठरली आहे. येत्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या. त्याची बायको आमच्या हिच्यापाशी रडत होती. डॉक्टरांनी म्हणे स्पष्ट सांगितलं, धोका आहे. उठला तर उठला.”

समुपदेशिका ताठ झाली.

“मग तुम्ही भेटायला जाणार असाल.”

“जाईन की. सवड झाली तर.”

“सवड झाली तर?”

“आता घाई काय? आमचं मिटलंय ना.”

तो हे अगदी निर्मळपणे म्हणाला. त्याच्या दृष्टीने ऋण फिटले होते. बोलायचे ते बोलून झाले होते, रडायचे ते रडून झाले होते आणि क्षमाही पदरात पडली होती. आणि ज्या भावाच्या नावाने ती क्षमा दिली गेली, त्याला बिचाऱ्याला या व्यवहाराची गंधवार्ताही नव्हती. तो रस्त्यापलीकडे, छातीत नादुरुस्त झडप घेऊन, अजूनही त्या भरल्या दुकानातच उभा होता.

तिने त्याच क्षणी सांगायला हवे होते. शब्द ओठांपर्यंत आलेही. परंतु चष्मेवाला कृतज्ञतेने पुढे झुकला आणि म्हणाला, “खरं सांगतो मॅडम, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.” शब्द आल्या वाटेने परत गेले. स्तुतीने तोंड बंद होते, ही गोष्ट तिने आजवर इतरांच्या बाबतीत पाहिली होती.

“पुढच्या बुधवारी या,” ती एवढेच म्हणाली. “थांबवायचं की नाही, ते बोलू.”

“तुम्ही म्हणता म्हणून येतो.”

तो गेल्यावर तिने धाकट्याची खुर्ची उचलून भिंतीला लावली. तिथे ती बरी दिसेना, म्हणून कोपऱ्यात ठेवली. कोपऱ्यातून ती अधिकच तिच्याकडे पाहत आहेसे वाटले. पुढच्या रुग्णाने विचारले, “मॅडम, काही हरवलंय का?” तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले, की आपण मघापासून उभ्याच आहोत.

*

त्या दिवसांत तिला कशातच चैन पडेना. भाजी चिरताना तिने बोट कापून घेतले. आईचा फोन आला तर मध्येच “हं, मग?” म्हणायचे विसरली, त्यावर आई फुरंगटली. रुग्ण बोलत असताना ती त्यांच्या वाक्यांचे शेवट मनातल्या मनात आधीच करून ठेवू लागली, आणि ते वेगळे निघाले की दचकू लागली. अखेर रविवारी सकाळी ती सरांच्या घरी गेली.

सर म्हणजे तिचे जुने शिक्षक. वय झाल्याने त्यांनी रुग्ण पाहणे सोडले होते. तथापि या धंद्यात उपचार करणारालाही कोणापाशी तरी बोलावे लागते, आणि ती त्यांच्यापाशी बोले. ती पोचली तेव्हा सर गॅलरीत स्टुलावर बसले होते. गळ्यात जुनी चादर गुंडाळलेली होती आणि बाई, त्यांच्या पत्नी, कात्री घेऊन त्यांचे केस कापीत होत्या.

“आलीस? बोल.”

“मान हलवू नका,” बाई म्हणाल्या. “कान जाईल.”

“सर, रुग्णाविषयी आहे.”

सरांनी डोळे मिटले, उसासा टाकला आणि बायकोला म्हणाले, “तू जा आत.”

“अहो, अर्धंच डोकं झालंय!”

“असू दे. हे तू ऐकायचं नाही.”

“पस्तीस वर्षं ऐकलं नाही, आता काय ऐकणार? अर्ध्या डोक्याने सल्ला द्या मग तिला.” कात्री चादरीवर टाकून बाई आत गेल्या आणि त्यांनी दार मुद्दाम जरा जोराने लावले.

सर एका बाजूने कातरलेले आणि दुसऱ्या बाजूने पिंजारलेले, असे तिच्यासमोर बसून राहिले. अन्य कोणत्याही दिवशी ती हसली असती. तिने कठड्याला टेकून सारे सांगितले. नाव-गाव सांगितले नाही, ते सांगायचेही नसते.

“तर तू खुर्चीत बसलीस.”

“हो.”

“का?”

“त्याला ते ऐकण्याची गरज होती.”

“त्याला?”

ती कठड्याच्या गंजलेल्या पट्टीवरचे पोपडे नखाने काढू लागली.

“तो रडत होता, माझं चुकलं म्हणत होता, आणि समोर कोणी नव्हतं,” ती जरा वेळाने म्हणाली. “मला सहन झालं नाही.”

“हां. आता खरं बोललीस.”

“पण तो बरा झालाय, सर! झोपतोय, हसतोय. तुमच्या काळात नुसतं गप्प बसायचे. गप्प बसून माणसं बरी होताना मी फार थोडी पाहिली आहेत.”

“मीही थोडीच पाहिली,” सर शांतपणे म्हणाले. “पण माझ्या गप्प बसण्याने कोणाचा भाऊ बनावट झाला नाही.”

तिचा चेहरा लाल झाला. सरांनी मानेवर चिकटलेले केस झटकले.

“हे बघ. क्षमा ही त्या धाकट्याची वस्तू. द्यायची की नाही, कधी द्यायची, चार शिव्या देऊन मग द्यायची की मरेपर्यंत द्यायचीच नाही, सगळं त्याच्या मर्जीचं. तू ती त्याच्या खिशातून काढलीस आणि थोरल्याला भेट दिलीस.”

“धाकटा माझा रुग्ण नाही.”

“नाही. म्हणून तर. तो भांडायलाही येऊ शकत नाही.”

“सांगितलं तर थोरल्याची झोप जाईल.”

“जाईल.”

“आणि सांगून तो गेला, आणि त्या भावाने तोंड फिरवलं, आणि शुक्रवारी काही बरंवाईट झालं, तर?”

“तर ते त्या दोघांचं असेल. आत्ता आहे ते तुझं आहे.” सर थोडे थांबले. मग आवाज उतरवून म्हणाले, “तो झोपतोय म्हणालीस. तू झोपतेस का?”

ती चपला घालू लागली. डावी उजव्या पायात घातली, काढली, पुन्हा घातली. आतून बाईंचा आवाज आला, “झालं का? की मी दुसऱ्या कोणाचं डोकं बघू?”

*

बुधवारी चष्मेवाला वेळेच्या आधी आला. बाहेरच्या खोलीत तो बसला नाही. येरझारा घालीत राहिला, आणि दार उघडताच आत शिरून पिशवी जमिनीवर आपटली.

“मॅडम, माणूस दिल्या शब्दाला जागला नाही तर काय करायचं?”

“कोण माणूस?”

“कोण म्हणजे? बारक्या!” तो बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला. “काल संध्याकाळी गेलो दवाखान्यात. परवा शुक्रवार, म्हटलं जाऊन यावं. गेलो, पायाशी बसलो. पायात मोजे नव्हते त्याच्या. मी म्हटलं, ‘गाढवा, मोजे घाल, गारठशील.’ कसं अगदी पूर्वीसारखं! तर हा माझ्याकडे टकमक बघतोय. मग म्हणतो काय, ‘काही बोलायचंय का?’ मी म्हटलं, ‘आता काय बोलायचं राहिलंय? आपलं मिटलं ना!’ तर म्हणतो, ‘कधी मिटलं?’”

समुपदेशिकेने हात एकमेकांत घट्ट अडकवले.

“मग?”

“मग काय! भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याची बायको बाहेर येऊन मला म्हणते, ‘भाऊजी, तुम्ही असे कसे आलात? दगड बरा तुमच्यापेक्षा!’ मी दगड? मी इथं या खुर्चीत बसून गंगाजमुना वाहवल्या, आणि मी दगड?”

“तुम्ही त्याला ते सांगितलंत?”

“काय सांगू? की मी तुझ्याशी बोललो, पण तू नव्हतास?” तो एकाएकी थांबला. त्याने चष्मा काढून डोळ्यांच्या मधला भाग चिमटीत दाबला. पुढे बोलला तेव्हा आवाजातला राग बराच ओसरला होता. “मला कळतं हो. मी काही खुळा नाही. तो नव्हता, तुम्ही होतात, हे डोक्याला ठाऊक आहे. पण माझं रडून झालंय ना! सगळं बोलून झालंय. काल त्याच्या पायाशी बसलो आणि आत शोधलं, तर काहीच नाही. कोरडं ठक्क. एकदा गळालेलं पाणी परत डोळ्यात कसं भरायचं, सांगा.”

समुपदेशिकेने घरून निघताना काही वाक्ये तयार करून आणली होती. ती व्यवस्थित होती, सौम्य होती, आणि त्यांत उपचारपद्धतीचा उल्लेख होता. त्यांतले एकही आता वापरण्याजोगे राहिले नव्हते.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली.

“तुमची कशी?”

“त्या खुर्चीत मी बसायला नको होतं. ती रिकामी राहायला हवी होती. फार तर तुम्ही बसायला हवं होतं. ‘मी विसरलो’ हे मी बोलले. तुमचा भाऊ विसरला आहे की नाही, मला काय माहीत? मी त्याला कधी पाहिलेलंही नाही.”

“मग बोललात कशाला?”

“तुमचं रडणं मला बघवेना. ते थांबावं म्हणून बोलले. तुमच्यासाठी बोलतेय असं मला वाटलं. पण ते माझ्यासाठी होतं.”

चष्मेवाल्याने तिच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग होता की नवल, ते तिला ओळखता आले नाही. आतापर्यंत तिला माणसांचे चेहरे वाचता येत असत.

“अस्सं,” तो म्हणाला. “आणि हे मागच्या बुधवारी का नाही सांगितलंत?”

“धीर झाला नाही. तुम्ही हसत होतात.”

“वा! म्हणजे आम्ही हसलो तरी चूक, रडलो तरी चूक.” तो उपहासाने हसला. मग पुढे सरकून, घाईघाईने, जणू एखादी पळवाट दिसली असावी तसा म्हणाला, “बरं, झालं ते झालं. तुम्ही असं करा. त्याच्या बायकोचा नंबर देतो. तुम्ही बारक्याला फोन करा. म्हणावं, तुझा भाऊ माझ्यासमोर ढसाढसा रडला, शंभरदा चुकलं म्हणाला. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने सांगितलं तर त्याला पटेल. मी परवानगी देतो ना! लिहून देतो हवं तर.”

तिचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला नाही, पण जावासा वाटला. किती सोपे होते ते! एक फोन, आणि तिच्या हातून बिघडलेले तिच्याच हातून दुरुस्त. त्या आजारी माणसाचा आवाज ती ऐकेल, त्याला हळुवारपणे समजावील, आणि तो कदाचित म्हणेलही, जाऊ दे, झालं गेलं. कदाचित तेच शब्द.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही?”

“मागच्या वेळी मी त्याच्या वतीने तुमच्याशी बोलले. आता तुमच्या वतीने त्याच्याशी बोलू? मग तुम्ही दोघं कधी बोलणार?”

“परवा ऑपरेशन आहे मॅडम!”

“माहीत आहे.”

“म्हणजे आग लावायची तुम्ही आणि विझवायची मी!”

“हो,” ती म्हणाली. “तसंच झालंय.”

भांडणाऱ्याला समोरून टेकू मिळाला नाही की त्याचा तोल जातो, तसा या कबुलीने त्याचा गेला. तो उठला. पिशवी घेऊन तो निघणार असे तिला वाटले. परंतु त्याने कोपऱ्यातली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, आणून आपल्या खुर्चीसमोर ठेवली आणि क्षणभर तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

“याच्यात मी बसायचं असतं म्हणालात ना?”

“तुम्हाला वाटलं तर.”

तो बसला. बसताना त्याने एक पाय दुसऱ्या मांडीखाली मुडपून घेतला. तो तसा कधीच बसत नसे. पाठीला पोक आले, मान खाली गेली. दिवसभर अंधाऱ्या खोलीत भिंगांवर वाकणारे कोणी एक माणूस तिथे येऊन बसले आणि समुपदेशिका श्वास रोखून पाहत राहिली, कारण या माणसाशी तिची मुळीच ओळख नव्हती. त्या खुर्चीत बसून ती जे बोलली होती, ते या माणसाच्या तोंडी कोणत्याही परिस्थितीत शोभले नसते.

“मी मरायला टेकलो म्हणून आलास ना?” चष्मेवाला समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाला. आवाज घोगरा आणि संथ होता. “धडधाकट असतो तर आला असतास? रस्ता ओलांडायचा होता फक्त. मी रोज दुपारी पायरीवर बसून डबा खायचो. तुला दिसायचो. तू कधी वर बघितलंस?”

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. तो खाली मान घालूनच बसला. मग मुडपलेला पाय सोडवून उठला, दोन पावलांचे ते अंतर एखाद्या म्हाताऱ्यासारखे चालला आणि आपल्या मूळ जागी बसला. आता उत्तर त्याने द्यायचे होते. त्याने खुर्चीकडे पाहिले. ओठ उघडले, मिटले. बोटांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

समुपदेशिकेने आजवरच्या व्यवसायात अनेक प्रकारची शांतता ऐकली होती. ही तिला सर्वांत जड गेली. तिच्या जिभेवर सारे तयार होते. मी बघायचो रे, रोज बघायचो, लाज वाटायची म्हणून मान खाली घालायचो. असेच असणार. याहून दुसरे काय असणार? तिने दात घट्ट मिटले.

“मी त्याला काय सांगू?” अखेर त्याने विचारले. तो खुर्चीशी बोलत नव्हता. तिच्याशी बोलत होता. “तो हेच विचारणार. काल विचारलं नाही, पण पाठ फिरवून हेच विचारत होता. मी काय सांगू?”

तिने तोंड उघडले, आणि चष्मेवाल्याने चटकन हात वर केला.

“नको. राहू द्या. तुमची उत्तरं फार गोड असतात.”

तो उठला. पिशवी खांद्याला लावली. नमस्कार केला नाही, पुढच्या बुधवारविषयी काही बोलला नाही आणि दार ओढून घेताना मात्र ते वाजू नये याची काळजी घेतली. जिन्यावरून त्याची पावले उतरली. मधल्या वळणावर ती थांबली, मग पुन्हा उतरू लागली.

समुपदेशिका खिडकीपाशी गेली. खाली चौकात वाहनांची गर्दी होती. चष्मेवाला फुटपाथच्या कडेला येऊन उभा राहिला. डावीकडच्या रस्त्याने गेले की त्याचे दुकान, आणि चौक ओलांडून सरळ गेले की दवाखाना, एवढे तिला त्याच्या बोलण्यावरून ठाऊक झाले होते. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला. लोक ओलांडून गेले, तो हलला नाही. दिवा लाल झाला. तो पिशवीचा पट्टा उगाचच सारखा करीत होता, कधी सरळ पाहत होता, कधी डावीकडे. दिवा पुन्हा हिरवा झाला. मागून येणाऱ्या एका बाईचा त्याला धक्का लागला. ती काही म्हणाली, तो बाजूला झाला आणि पुन्हा तिथेच उभा राहिला.

सांग त्याला, लाज वाटायची म्हणून. जा, सांग.

काचेवर वाफ धरलेली पाहून तिच्या ध्यानात आले की आपले ओठ हलत आहेत.

ती खिडकीपासून मागे झाली. चौकातले दिसेनासे होईल इतकी मागे आली आणि भिंतीला पाठ टेकून, हाताने तोंड झाकून, उभी राहिली. खाली दिवा पुन्हा बदलला असावा. वाहने थांबल्याचा आवाज आला, मग पुष्कळशा पावलांचा.